ओढणाऱ्या जहाजांचे युद्ध

१४ सप्टेंबर १९१७ रोजी अमेरिकेच्या नौदलाने ‘कोनेस्टोगा’ नावाची तेरा वर्षे वापरलेली टगबोट विकत घेतली. १९०४ मध्ये मेरीलँड राज्यातील स्पॅरोज पॉइंट येथे मेरीलँड स्टील कंपनीच्या गोदीत ती बांधली गेली होती आणि फिलाडेल्फिया अँड रीडिंग रेल्वेच्या चाकरीत कोळशाचे बार्ज, म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेली सपाट मालवाहू होडगी, ओढत होती. पेनसिल्व्हेनियाच्या खाणींतला कोळसा रेल्वेने फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर येई, तेथे बार्जमध्ये भरला जाई, आणि लांबलचक दोराने ओळीने बांधलेले ते बार्ज खुल्या अटलांटिकमधून ईशान्येकडच्या बंदरांपर्यंत नेणे हे तिचे रोजचे काम होते. त्याच रेल्वेसाठी, त्याच गोदीत, १९०५ मध्ये बांधलेली ‘मोनॉकसी’ हीसुद्धा त्याच वर्षी नौदलाने घेतली आणि तिचे नाव बदलून ‘जेनेसी’ ठेवले. या दोन कोळसेवाल्या बोटींची पुढची कहाणी मला गेली काही वर्षे सतत खुणावते आहे, आणि तिच्या निमित्ताने महासागरी टगच्या युद्धकार्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मुंबईत वाढलेल्या माणसाला टग ठाऊक असतात. इंदिरा गोदीच्या दरवाजातून मोठे जहाज आत घेताना त्याच्या पुढे-मागे खेटून चालणाऱ्या बुटक्या, दणकट बोटी आपण पाहिलेल्या असतात. परंतु बंदरातला टग आणि महासागरी टग यांत फार मोठा फरक आहे. बंदरातल्या टगचे काम तासाभरात संपते आणि धक्का नजरेसमोर असतो. महासागरी टगला आठवडेच्या आठवडे किनाऱ्यापासून दूर राहून, स्वतःपेक्षा कितीतरी जड असलेले, बहुधा निर्जीव झालेले जहाज वादळवाऱ्यातून ओढून न्यायचे असते. त्यासाठी इंधनाचा आणि पाण्याचा मोठा साठा लागतो, लाटा अंगावर घेणारी उंच नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, लागते आणि आकाराच्या मानाने अवाढव्य वाटावे असे इंजिन लागते. कोनेस्टोगाची लांबी १७० फूट होती, पण पाण्याखाली फिरून तिला पुढे ढकलणारा चार पात्यांचा पंखा बारा फुटांहून अधिक व्यासाचा होता.

तिच्या मागच्या डेकवर वाफेवर चालणारी एक मोठी विंच, म्हणजे दोर गुंडाळण्याचे यंत्र, बसवलेली होती आणि तिच्यावर पोलादी तारांचा पिळाचा दोर गुंडाळलेला असे. हा दोर म्हणजे टगचे सर्वस्व होय. खुल्या समुद्रात तो ताणून सरळ ठेवत नाहीत. शेकडो फूट लांब सोडतात, म्हणजे स्वतःच्या वजनाने तो मध्ये पाण्याखाली झोळ घेतो. टग एका लाटेवर चढत असताना मागचे जहाज दुसऱ्या लाटेवरून उतरत असते, तेव्हा बसणारा हिसका हा झोळ शोषून घेतो. झोळ संपला आणि दोर तारेसारखा ताठ झाला, की एकतर दोर तुटतो किंवा ज्याला तो बांधला आहे ते लोखंड उपटून निघते. तुटलेला पोलादी दोर डेकवरून फटकारत गेला तर वाटेत उभा असलेला खलाशी वाचत नाही. याहूनही मोठा धोका म्हणजे मागचे जहाज वाऱ्याने भरकटून टगच्या बाजूला येणे. मग दोर टगला मागे न खेचता आडवा खेचतो आणि वेळेवर सोडला नाही तर चांगल्या स्थितीतला टगसुद्धा क्षणात कुशीवर जाऊन उलटतो. शत्रू आसपास नसतानाही हे काम असे जिवावरचे असते, हे लक्षात ठेवूनच या बोटींच्या युद्धनोंदी वाचायला हव्यात.

नौदलांनी जुने टग का घेतले, याचे उत्तरही येथेच आहे. गस्तीसाठी श्रीमंतांच्या यॉट घेता येतात, मासेमारीच्या बोटींवर तोफ बसवता येते, प्रवासी जहाजाचे रुग्णालय करता येते. परंतु ओढण्याची ताकद अशी ऐनवेळी उभी करता येत नाही. ते इंजिन, तो पंखा, ती विंच आणि मुख्य म्हणजे दोर हाताळण्यात हात मुरलेली माणसे, हे सगळे एकत्र फक्त टगवरच असते. शांततेच्या काळात मात्र कोणतेच नौदल पुरेसे टग बांधत नाही, कारण अंदाजपत्रक मांडताना युद्धनौका नजरेत भरते आणि टग राहून जातो. म्हणून प्रत्येक युद्धाच्या आरंभी तीच धावपळ होते आणि व्यापारात झिजलेल्या बोटी गणवेश चढवून पुढे पाठवल्या जातात. हा नौदलांचा जुना आणि महाग पडलेला दोष आहे, असे माझे ठाम मत आहे.

अमेरिकेला तर हा धडा १८९८ मध्येच मिळाला होता. स्पेनशी युद्ध सुरू होण्याच्या बेतात असताना नौदलाने ‘ॲटलस’ नावाचा दोन वर्षांपूर्वी बांधलेला महासागरी टग विकत घेतला आणि त्याला ‘वॉम्पाटक’ हे नाव दिले. मे महिन्यात ‘सेंट लुइस’ या मोठ्या जहाजासोबत त्याला क्युबाच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल तोडण्यासाठी पाठवण्यात आले. तळाशी गळ सोडून, सावकाश ओढत, केबल अडकेपर्यंत किनाऱ्यावरच्या तोफांच्या टप्प्यात फिरत राहायचे, असे ते काम होते. १८ मे रोजी सांतियागोजवळ केबल हाती लागली. दुसऱ्या दिवशी ग्वांतानामोपाशी मात्र स्पॅनिश माऱ्यापुढे मागे फिरावे लागले. पुढे ३० जून रोजी मान्सानियो बंदरात ‘हिस्ट’, ‘हॉर्नेट’ आणि वॉम्पाटक या तीन लहान नौकांनी स्पॅनिश गनबोटींशी झुंज घेतली. त्या चकमकीत एक गोळा हॉर्नेटच्या वाफेच्या मुख्य नळीवर बसला आणि ती जागच्या जागी लुळी पडली. तेव्हा गोळीबार चालू असताना वॉम्पाटकने तिला दोर लावला आणि ओढून टप्प्याबाहेर काढले. वॉम्पाटकवर तोफा होत्या आणि त्या त्या दिवशी चालल्याही. पण हॉर्नेटची माणसे घरी परतली ती दोरामुळे.

कोनेस्टोगा १० नोव्हेंबर १९१७ रोजी नौदलाच्या सेवेत रुजू झाली. तिच्यावर तीन इंची तोफ आणि दोन मशीनगन बसवल्या गेल्या. सुरुवातीला तिने अटलांटिक किनाऱ्यावर ओढकाम केले, तोफा आणि रसद पोचवली, आणि नंतर बर्म्युडा व अझोर्स बेटांकडे जाणाऱ्या ताफ्यांना सोबत केली. अझोर्स हे नाव येथे महत्त्वाचे आहे. मध्य अटलांटिकमधली ही पोर्तुगीज बेटे म्हणजे अमेरिकेहून युरोपकडे जाणाऱ्या लहान जहाजांचा अर्ध्या वाटेवरचा विसावा होता, आणि जर्मनांनाही ते ठाऊक होते. ४ जुलै १९१७ रोजी यू-१५५ या पाणबुडीने तिथल्या पोंता देल्गादा शहरावर गोळे डागले होते आणि बंदरात दुरुस्तीसाठी थांबलेल्या ‘ओरायन’ या अमेरिकी कोळसावाहू जहाजाने तिला उलट मारा करून पिटाळले होते. पुढे अमेरिकेने तेथे आपला तळ क्रमांक १३ उभारला आणि कोनेस्टोगा त्या तळाला जोडली गेली. इंजिन बंद पडलेली, सुकाणू गमावलेली जहाजे शोधून ओढून आणणे हे तिचे काम शांतता झाल्यावरही संपले नाही. ती न्यूयॉर्कला परतली ती २६ सप्टेंबर १९१९ रोजी, म्हणजे तोफा थांबून दहा महिने उलटल्यावर.

ओढकाम करणाऱ्या बोटीचा वेग किती घटतो याचा विचार केला, की या कामाची खरी किंमत कळते. मोकळी कोनेस्टोगा ताशी तेरा सागरी मैल जाऊ शकत असे. मागे मोठे जहाज आले की टगची चाल निम्म्याहूनही खाली येते. तिला नागमोडी जाता येत नाही, चटकन वळता येत नाही, थांबताही येत नाही, कारण थांबले की दोर तळाकडे बुडतो आणि मागचे जहाज अंगावर येते. पाणबुडीच्या नजरेतून याहून सोपे लक्ष्य नसावे. तरीही ही माणसे त्या पाण्यात पुन्हापुन्हा गेली. त्यांच्या नावावर बुडवलेले शत्रूजहाज नाही, म्हणून इतिहासात त्यांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जुन्या बोटींना समुद्र क्षमा करतोच असे नाही. १८९१ मध्ये बांधलेला आणि नौदलात ‘चेरोकी’ नावाने आलेला टग डिसेंबर १९१७ मध्ये सेवेत दाखल झाला आणि २६ फेब्रुवारी १९१८ रोजी फेनविक आयलंडच्या दीपनौकेपासून काही मैलांवर वादळात बुडाला. त्यावरची बहुतेक माणसे गेली. तीन महिनेसुद्धा पुरते झाले नव्हते, आणि त्यात शत्रूचा काही हात नव्हता.

युद्ध संपल्यावर या बोटी विकून टाकून नव्या बांधल्या गेल्या असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती. काही नवे टग बांधले गेलेही. पण जुन्यांतले चांगले टिकलेले नौदलाने ठेवून घेतले आणि दूरदूरच्या ठाण्यांवर पाठवले. जेनेसी फिलिपिन्समधील काविते येथे गेली आणि वीसहून अधिक वर्षे आशियाई ताफ्यासाठी राबत राहिली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने फिलिपिन्सवर हल्ला केला तेव्हा कोळशाचे बार्ज ओढण्यासाठी बांधलेली ही बोट छत्तीस वर्षांची होती. मनिलाच्या उपसागरात मित्रपक्षांच्या ताब्यातला टापू दिवसेंदिवस आकसत गेला, आणि त्या उपसागरातले कोरेहिदोर हे किल्लेबंद बेट पडण्याच्या आदल्या दिवशी, ५ मे १९४२ रोजी, तिच्याच माणसांनी तिला बुडवले. जपान्यांनी तिला वर काढले, दुरुस्त केले आणि गस्तीनौका क्रमांक १०७ म्हणून स्वतःच्या नौदलात घेतले. ५ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी लुझोनच्या पाण्यात तिला पुन्हा बुडवले. शत्रूलाही ती वर काढून वापरावीशी वाटली, यावरून त्या काळात ओढकाम करणाऱ्या बोटीची गरज दोन्ही बाजूंना किती होती हे दिसते.

ब्रिटिशांचीही अवस्था वेगळी नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी त्यांनी ‘सेंट’ या नावमालिकेतले बचावकार्याचे टग बांधायला घेतले. त्यांतले काही हाँगकाँगच्या गोद्यांतही बांधले गेले. ते पुरे होईपर्यंत युद्धच संपले आणि बरेचसे खासगी धंद्यात गेले. वीस वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धात, त्याच मालिकेतले टग पुन्हा नौदलाच्या कामी आले. फ्रान्समधल्या डंकर्कहून समुद्रमार्गे झालेल्या ब्रिटिश सैन्याच्या माघारीच्या वेळी १ जून १९४० रोजी ‘कीथ’ ही विनाशिका बाँबहल्ल्यात बुडू लागली. त्या माघारीवर देखरेख करणारे रिअर ॲडमिरल वेक-वॉकर तिच्यावर होते. ते एका वेगवान टॉर्पेडो बोटीवर उतरून पुढच्या कामाला गेले. कीथवरच्या इतर अनेकांना ‘सेंट ॲब्ज’ या टगने उचलून घेतले. थोड्याच वेळात एका एकट्या जर्मन बाँबरने सेंट ॲब्जलाच गाठले आणि ती अर्ध्या मिनिटात तळाशी गेली. एकदा बुडून वाचलेली माणसे त्याच सकाळी दुसऱ्यांदा पाण्यात पडली आणि त्यांतली कितीतरी वर आली नाहीत. त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर ‘सेंट फेगन’ हा तिचा भाऊबंदही बाँबहल्ल्यात गेला.

जून १९४२ मध्ये पॅसिफिकमध्ये अमेरिका आणि जपान यांच्यात झालेली मिडवेची लढाई सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातली एक लहान बोट मात्र फारशी कोणाला आठवत नाही. ‘यॉर्कटाउन’ हे विमानवाहू जहाज जबर जखमी होऊन निश्चल पडले असताना त्याला ओढून परत नेण्यासाठी जवळपास जी बोट मिळाली ती ‘व्हिरिओ’ होती. १९१९ मध्ये सुरुंग काढण्यासाठी बांधलेली आणि तेव्हा नुकतीच टगच्या वर्गात टाकलेली ही बोट हजार टनांचीही नव्हती, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला वीस हजार टनांचे, पाणी शिरून कललेले जहाज होते. ५ जूनला व्हिरिओने दोर घेतला. जेमतेम दोन-तीन सागरी मैलांच्या वेगाने ती त्याला ओढत राहिली. ६ जूनच्या दुपारी आय-१६८ या जपानी पाणबुडीने पहारा चुकवून टॉर्पेडो सोडले. एकाने शेजारी उभी असलेली ‘हॅमन’ ही विनाशिका दुभंगली, दोन यॉर्कटाउनला लागले. व्हिरिओने दोर कापला आणि पाण्यात पडलेल्या माणसांना काढायला वळली. यॉर्कटाउन दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाले. तेथे आणखी दोन ताकदवान टग असते तर ते वाचले असते, असे मी म्हणणार नाही. पण जगातील सर्वांत मोठ्या आरमारांपैकी एकाला आपले मोलाचे जहाज वाचवण्यासाठी त्या दिवशी एवढीशी जुनी बोट उपलब्ध होती, हे वास्तव पुरेसे बोलके आहे. तोवर डिझेल-विजेवर चालणारे नवे टग येऊ लागले होते, त्यांतली पहिली ‘नाव्हाहो’ जानेवारी १९४० मध्ये सेवेत आलेली होती. पण ते मोजकेच होते आणि पॅसिफिक अफाट होता.

‘सोनोमा’चे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ही नौदलाने स्वतःसाठी बांधलेली बोट, १९१२ पासून सेवेत. ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ती वेक बेटाकडून बार्ज ओढत परतीच्या वाटेवर होती, म्हणून वाचली. त्यानंतर न्यू गिनीच्या किनाऱ्यावरच्या चढायांमध्ये अडकलेल्या लँडिंग बोटी ओढून काढण्याचे काम तिने केले आणि २४ ऑक्टोबर १९४४ रोजी फिलिपिन्समधील लेते येथे एका व्यापारी जहाजाशेजारी उभी असताना पेटलेले जपानी बाँबर विमान तिच्यावर येऊन आदळले. ती बत्तीस वर्षांची होती.

आता कोनेस्टोगाकडे परत येतो. युद्धानंतर ती नॉरफोक बंदरात किरकोळ कामे करीत होती. १९२० मध्ये तिला अमेरिकन सामोआतील तुतुइला बेटावर ठाण्याची नौका म्हणून नेमण्यात आले. नॉरफोकहून नोव्हेंबरमध्ये निघून ती पनामामार्गे पश्चिम किनाऱ्यावर आली, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेअर आयलंड येथे तिची दुरुस्ती झाली आणि २५ मार्च १९२१ च्या दुपारी ती गोल्डन गेटमधून पर्ल हार्बरकडे निघाली. तिच्यावर छप्पन्न माणसे होती. बाहेर वारा वाढत होता, समुद्र खवळत होता. नंतर दुसऱ्या एका जहाजामार्फत एक तुटक बिनतारी संदेश पोचला की, एक टग वादळाशी झुंजतो आहे आणि त्याच्या मागचा बार्ज तुटून गेला आहे. त्यापुढे काही नाही.

ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हवाईला पोचायला हवी होती. शोध मात्र एप्रिल जवळजवळ सरल्यावर सुरू झाला. युद्धनौका दोन दिवस उशिरा आली असती तर तारांचा पाऊस पडला असता; टगची वाट कोणी मोजून पाहत नव्हते. मग शोध मोठा झाला, साठेक जहाजे आणि डझनावारी विमाने कामाला लागली, हवाईच्या आसपासचा लाखो चौरस मैलांचा समुद्र पालथा घातला गेला. विमानासह बेपत्ता झालेली वैमानिक अमेलिया इअरहार्ट हिच्या १९३७ मधील शोधापर्यंत एवढा मोठा शोध झाला नव्हता. १७ मे रोजी ‘सेनेटर’ या जहाजाला मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ नाळेवर ‘सी’ अक्षर असलेली एक रिकामी बोट सापडली, तेव्हा शोध तिकडे वळला. तेथेही काही मिळाले नाही. ३० जून १९२१ रोजी नौदलाने जहाज आणि माणसे गमावल्याचे जाहीर केले.

ती खरे तर निघाली त्या बंदरापासून फार दूर गेलीच नव्हती. २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या फॅरालोन बेटांभोवतीच्या समुद्रतळाची मोजणी करताना अमेरिकेच्या सागरी व वातावरणीय प्रशासनाला, म्हणजे नोआला, एक अनोळखी जहाज दिसले. २०१४ पासून दूरनियंत्रित यंत्रे पाठवून त्याची पाहणी झाली. १८९ फूट खोल, पांढऱ्या समुद्रफुलांनी झाकलेला तो सांगाडा होता. बॉयलर, चार पात्यांचा पंखा आणि मागच्या डेकवरची वाफेची विंच, तिच्यावर गुंडाळलेला तारांचा दोर अजून तसाच. आणि पुढे तीन इंची तोफ. नागरी टगवर अशी तोफ असण्याचे कारण नव्हते; ऑक्टोबर २०१५ मध्ये ती चित्रीकरणात स्पष्ट ओळखू आली तेव्हा शंका संपली. मार्च २०१६ मध्ये नौदल आणि नोआ यांनी मिळून शोध जाहीर केला. छप्पन्न कुटुंबांच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीला आपला माणूस कोठे आहे हे पंच्याण्णव वर्षांनी कळले.

जहाज फॅरालोनच्या आग्नेय बेटापासून सुमारे तीन मैलांवर आहे. नोआच्या संशोधकांचा तर्क असा की, पाणी आत शिरू लागल्यावर कप्तानाने हवाईचा मार्ग सोडून त्या बेटावरच्या लहानशा खाडीचा आसरा गाठायचा प्रयत्न केला असावा. मला हा तर्क पटतो. ती खाडी म्हणजे खडकांनी वेढलेली अडचणीची जागा, आणि काळोखात, वादळात तिकडे वळणे म्हणजे दुसरा उपाय उरलेला नसणे. सतरा वर्षे समुद्रात ओझी ओढलेल्या जहाजाच्या माणसांना हे कळत नसेल असे शक्य नाही. त्यांनी जाणूनबुजून हा धोका पत्करला असणार. २००४ च्या अमेरिकी कायद्याने बुडालेल्या लष्करी जहाजांना संरक्षण दिलेले असल्याने तेथून आता कोणालाही काही उचलता येत नाही, आणि ते तसेच राहावे असे मलाही वाटते.